आठवण कुणाची, राग कुणावर?

१६ फेब्रुवारी २०१९ हा दिवस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरले असेल असे वाटत नाही. त्या शनिवारी बुलडाणा जिल्ह्याने आपले दोन मुलगे अग्नीच्या स्वाधीन केले. घाटाखाली मलकापूरला संजयसिंह राजपूत आणि घाटावर लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याला नितीन राठोड. दोघेही केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान. दोन दिवसांपूर्वी, १४ फेब्रुवारीच्या दुपारी, जम्मू-श्रीनगर महामार्गावर पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोरा येथे ७८ वाहनांच्या ताफ्यातल्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि ४० जवान गेले. चाळीस घरांपैकी दोन आपल्या जिल्ह्यातली होती.

बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात अशी बातमी वर्तमानपत्रात राहत नाही, ती दारात येते. पहाटे अंधारात आपल्या कोणत्याही रस्त्याने जा, भरतीसाठी धावणारी पोरे दिसतील. पावसाच्या भरवशावरची कपाशी आणि सोयाबीन, दोन-चार एकरांची वाटणी, आणि त्यातून बाहेर पडण्याची एक सरळ वाट म्हणजे पोलीस, फौज किंवा राखीव दल. म्हणून वर्दीतला मुलगा गेला की त्या घराचा आधार जातो आणि अख्ख्या गावाच्या काळजात धस्स होते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या हजारो माणसांत जवळचे-लांबचे असा भेद उरला नव्हता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आणि पाण्याबरोबर राग होता.

राग येणे स्वाभाविकच होते. असल्या क्रौर्याचाही राग येत नसेल तर माणसात काही उणे आहे असेच म्हणावे लागेल. प्रश्न त्या रागाचा नाही. तो पुढे कुठे गेला, याचा आहे.

माझ्यापुरते सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपले घर तपासलेले बरे. आम्ही खामगावचे. आमच्या गल्लीत दरवर्षी थंडीच्या तोंडावर एक काश्मिरी शालवाला यायचा. खांद्यावर गाठोडे, डोक्यावर लोकरीची टोपी. माझ्या आईला तो 'माँजी' म्हणायचा आणि ती त्याला चहाशिवाय जाऊ द्यायची नाही. हे लोक उधारीवर माल देतात, हप्त्याहप्त्याने पैसे घेतात आणि फेब्रुवारीच्या शेवटी उरलेली उधारी गोळा करून आपल्या गावी परततात. त्या वर्षी आईने त्याच्याकडून एक तपकिरी शाल घेतली होती. चारशे रुपये द्यायचे राहिले होते.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने आमची कडी वाजवली. मी खिडकीच्या फटीतून पाहिले. तोच होता. गाठोडे नव्हते, हातात फक्त उधारीची वही होती. मी दार उघडले नाही. त्याने आणखी दोनदा कडी वाजवली, क्षणभर थांबला आणि मान खाली घालून गेला. आतून आईने विचारले, "कोन होतं रे?" मी म्हणालो, "कोणी नाही."

त्या माणसाने काय केले होते? काहीच नाही. तो ज्या खोऱ्यातून आला होता, त्याच खोऱ्यातल्या एका तरुणाने ती गाडी बसवर घातली होती, एवढाच त्याचा अपराध. मी त्याला मारले नाही की शिवी दिली नाही. मी फक्त दार उघडले नाही आणि त्याचे पैसे बुडवले. आपल्यासारख्या सभ्य माणसांचा द्वेष बहुधा असाच असतो. तो आरडाओरड करत नाही, कडी लावून घेतो.

पण त्या आठवड्यात सगळेच एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या शेजारच्या यवतमाळला शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना काही तरुणांनी रस्त्यात गाठून मारहाण केली. डेहराडूनला आणि उत्तरेतल्या इतर शहरांत काश्मिरी मुलांना खोल्या सोडून जावे लागले. ही मुले आपल्या घरापासून शेकडो कोस दूर, दहशतीच्या सावलीतून बाहेर पडून शिकायला आलेली होती. शेवटी २२ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाला राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना सांगावे लागले की, काश्मिरी नागरिकांवर हल्ले होऊ देऊ नका, त्यांच्यावर बहिष्कार घालू देऊ नका.

आता त्याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट ऐका. ज्या दलाची चाळीस माणसे गेली, त्या केंद्रीय राखीव पोलीस दलाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले की, आम्ही हे विसरणार नाही आणि माफ करणार नाही. त्या शब्दांनी देशाच्या मनातलेच बोलून दाखवले. पण त्याच दलाच्या श्रीनगरमधल्या 'मददगार' या मदतवाहिनीने लगेच आणखी एक निवेदन काढले. काश्मीरबाहेर राहणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना कुणी त्रास देत असेल तर आम्हाला दूरध्वनी करा, आम्ही मदतीला येऊ, असे त्यात म्हटले होते. क्रमांकही दिला, १४४११.

हे नीट लक्षात घेतले पाहिजे. ज्यांनी आपल्या सोबत्यांचे देह उचलले होते तीच माणसे हे म्हणत होती. त्यांच्याइतका राग करण्याचा हक्क या देशात कुणाला होता? तरीही गुन्हेगार कोण आणि निरपराध कोण, यातली रेघ त्यांनी पुसू दिली नाही. 'माफ करणार नाही' आणि 'मदतीला येऊ' या दोन वाक्यांत त्यांना विसंगती वाटली नाही, कारण ती नव्हतीच. पहिले वाक्य गुन्हेगारासाठी होते, दुसरे माणसांसाठी.

करुणेविषयी बोलू लागले की आपल्याकडे लगेच एक आक्षेप येतो. म्हणजे काय, मारेकऱ्यांना सोडून द्यायचे? दुसरा गाल पुढे करायचा? करुणेचा हा अर्थ कुणी सांगितला? गुन्ह्याचा तपास व्हावा, सूत्रधार सापडावेत, त्यांना शिक्षा व्हावी, यात दयामाया दाखवण्याचे कारण नाही. पुलवामा प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०२० च्या ऑगस्टमध्ये १९ जणांवर आरोपपत्र दाखल केले. ते नावानिशी होते, पुराव्यानिशी होते. न्याय असाच चालतो. त्याला नाव लागते, पुरावा लागतो. द्वेषाला यातले काहीच लागत नाही. टोपी, दाढी, आडनाव, बोलण्याची ढब यांपैकी काहीही त्याला पुरते. म्हणून तो नेहमी सापडेल त्यालाच झोडपतो, आणि जो खरा दोषी असतो तो शेकडो मैलांवर सुरक्षित बसून हे पाहत असतो. त्याला हवे असते ते आपणच त्याला आयते करून देतो.

आणि आपल्या रागाने ज्यांना एका रेघेत 'ते' करून टाकले, ते कोण होते? त्या चाळीस जवानांत राजौरी जिल्ह्याचा नसीर अहमद होता. तोही त्याच ताफ्यात होता, त्याच वर्दीत होता, त्याच स्फोटात गेला. त्या महिन्याच्या आधी, २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी, अशोकचक्र ज्याला मरणोत्तर दिले गेले तो लान्स नायक नजीर अहमद वानी काश्मीरचाच. एके काळी अतिरेक्यांच्या वाटेवर गेलेला हा माणूस परत फिरला, सैन्यात आला आणि २०१८ च्या नोव्हेंबरात शोपियानमध्ये अतिरेक्यांशी लढताना पडला. हुतात्म्यांची आठवण ठेवायची म्हणून द्वेष करायचा म्हटले, तर त्या आठवणीतून ही नावे वगळावी लागतील. मग ती आठवण खरी कशी राहील?

आपल्या जिल्ह्याला हा विवेक बाहेरून शिकण्याची गरज नाही. सिंदखेडराजाला गेलेल्यांनी लखुजी राजांची भव्य समाधी पाहिलेली असते. १६२९ च्या जुलैमध्ये दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू यांची कपटाने हत्या झाली. जिजाऊंचे वडील, भाऊ, भाचा एका दिवसात गेले. त्या वेळी त्या गरोदर होत्या. पुढच्या सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर शिवराय जन्मले. ज्या बाईचे माहेर असे एका दरबारात कापले गेले, तिने आपल्या मुलाच्या मनात काय पेरावे? सुडाचे बीज पेरले असते तर इतिहासाने तिला दोष दिला नसता.

जिजाऊंनी ते दुःख गिळले नाही, तसे ते विषासारखे मुलाला पाजलेही नाही. त्या दुःखातून स्वराज्य उभे राहिले. शाह्यांशी लढाई झाली, जिवाच्या आकांताने झाली. पण त्याच स्वराज्यात पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता आणि आरमारात दौलतखान होता. वैर सत्तेशी होते, अन्यायाशी होते, ते कुणाच्या धर्माशी जोडले गेले नाही. दर १२ जानेवारीला आपण लाखोंनी सिंदखेडराजाला जातो. जिजाऊंसमोर माथा टेकताना हेही आठवायला हवे की, माहेरचे एवढे मोठे दुःख सोसूनही त्या माउलीने मुलाला न्यायच शिकवला.

उलट बाजूचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी मराठी होता, ब्राह्मण होता. एवढ्या बातमीवर सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांतून ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. ज्यांचा त्या खुनाशी सुतराम संबंध नव्हता, ज्यांतल्या कित्येकांना गांधीजी पूज्यच होते, ती माणसे रातोरात बेघर झाली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीचा विषय हाच आहे. आणि हे सारे कुणाच्या नावाने? ज्याने आयुष्यभर अहिंसा सांगितली त्याच्या नावाने. पुढे गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी मारेकऱ्याला फाशी देऊ नये अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही, १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. विनंती योग्य की अयोग्य, यावर मतभेद होतील. पण बाप ज्यांचा गेला ते फाशी टाळा म्हणत होते, आणि ज्यांचे कुणीच गेले नव्हते ते घरे जाळत होते.

पुलवामानंतर सहा वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा आपल्या पुढ्यात आला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरणच्या कुरणात पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या. २६ जण गेले. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते, डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचे एक. सुटीसाठी गेलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत हे घडले. त्याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

त्याच २६ जणांत सय्यद आदिल हुसेन शाह होता. पर्यटकांना घोड्यावरून फिरवून पोट भरणारा स्थानिक तरुण. पर्यटकांना वाचवण्यासाठी तो मारेकऱ्यांच्या आडवा गेला आणि मारला गेला. पुलवामाला गाडी बसवर घालणाऱ्या तरुणाचेही नाव आदिलच होते, आदिल अहमद दार. आदिल या शब्दाचा अर्थ न्यायी. एकच नाव, एकच धर्म, एकच खोरे. एकाने चाळीस घरे उजाड केली, दुसऱ्याने परक्यांच्या घरांसाठी आपले घर उजाड केले. नावावरून माणूस ओळखता येतो असे ज्याला वाटते, त्याने यातला आपला आदिल कोणता आणि त्यांचा कोणता, ते सांगावे.

पहलगामला मारल्या गेलेल्यांत हरियाणातल्या करनालचा एक तरुण नौदल अधिकारी होता. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्याच्या वाढदिवशी, १ मे रोजी, कुटुंबाने रक्तदान शिबिर ठेवले. तिथे त्याची पत्नी म्हणाली की, लोकांनी मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागावे हे आम्हाला नको आहे, आम्हाला शांती हवी आहे आणि न्यायही हवा आहे. तिने न्याय सोडला नाही, हे ध्यानात घ्या. पण एवढ्यावरून तिच्यावर घाणेरड्या शब्दांचा असा भडिमार झाला की, राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. जिच्या नवऱ्यासाठी आपण रडत होतो म्हणतो, तिलाच आपल्यातल्या काहींनी फाडून खाल्ले. कारण तिने आपल्या दुःखावर आपल्या द्वेषाची मोहोर उठवू दिली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. एखादी माउली आयुष्यभर कुणाला माफ करणार नाही, तो तिचा हक्क आहे. १९९० साली रातोरात घरदार सोडून निघावे लागलेल्या काश्मिरी पंडितांना आपण घरात बसून करुणेचे धडे द्यावेत, हेही शोभणारे नाही. त्यांचे दुःखही तेवढेच खरे आहे आणि तेही विसरता कामा नये. माझे म्हणणे उरलेल्या आपल्या सगळ्यांसाठी आहे. आपले काहीच गेलेले नाही. आपण राग उसना घेतो, तो बाजारात वाटेल त्याच्यावर काढतो, आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांना त्यातला एक छदामही परत मिळत नाही. आमच्या दारातून तो शालवाला रिकाम्या हाताने परत गेला, त्याने मलकापूरच्या किंवा चोरपांग्र्याच्या घरातले कुठले दुःख हलके झाले?

मग आठवण ठेवायची कशी? महाराष्ट्रातल्याच काही माणसांनी हे करून दाखवले आहे. अधिक कदम हा तरुण काश्मीरला गेला आणि २००२ साली कुपवाड्यात त्याने हिंसाचारात पोरक्या झालेल्या मुलींसाठी घर सुरू केले. तिथल्या लोकांच्या संशयाला आणि बंदुकीच्या भीतीला तोंड देत ते काम उभे राहिले. पुण्यात संजय नहार यांच्या 'सरहद' संस्थेने काश्मीरमधल्या दहशतीने होरपळलेल्या मुलांना इथे आणून शिकवले. या माणसांनी देशावर प्रेम करायचे सोडले का? त्यांनी देश म्हणजे नुसती जमीन न धरता तिच्यावरची माणसेही धरली, इतकेच.

आपल्याला कुपवाड्याला जाणे जमणार नाही. पण जिल्ह्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. हुतात्म्याच्या घरी पहिल्या वर्षी गर्दी असते, भाषणे होतात, आश्वासने दिली जातात. पाचव्या वर्षी, सातव्या वर्षी त्या घरात कोण जाते? मुलांची फी, म्हाताऱ्यांचे दवाखाने, कचेरीतले अडकलेले कागद, पेरणीला माणूस नाही म्हणून पडीक राहिलेले वावर, ही खरी कामे आहेत. ती करायला घोषणा लागत नाहीत, वेळ लागतो. १४ फेब्रुवारीला शाळेत मुलांना पुलवामा सांगावा, जरूर सांगावा. संजयसिंह आणि नितीन यांची नावे मुलांना पाठ असावीत. त्यांच्याबरोबर नसीर अहमदचेही नाव सांगावे आणि घोडेवाल्या आदिलचेही. आणि त्याच वर्गात बसलेल्या सलीम-शबानाला त्या तासाला मान खाली घालावी लागणार नाही, एवढे गुरुजींनी पाहावे. होळीच्या सुमारास सैलानीला सगळ्या जातीधर्मांची माणसे एकाच आशेने येतात. तो शेजार आपल्या मातीत आहे. राग आला म्हणून तो मोडू नये.

त्या रविवारनंतर आमचा शालवाला परत आला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरची दळणवळणाची साधने कित्येक आठवडे बंद होती, पुढे कोरोना आला. पुढच्या हिवाळ्यांत गल्लीत दुसरे शालवाले आले. त्यांना मी विचारले, पण ज्याचे नावही कधी विचारले नव्हते त्याचा पत्ता कुणी कसा सांगणार? आई शेवटपर्यंत ती तपकिरी शाल पांघरायची आणि थंडी पडली की म्हणायची, "तो भाऊ काही आला नाही बाप्पा, त्याचे पैसे राहिले." मी तिला खरे कधी सांगितले नाही.

आता आई नाही. शाल कपाटात आहे आणि चारशे रुपयांची उधारी माझ्या अंगावर आहे. दर हिवाळ्यात दाराची कडी वाजते. कधी शालवाला असतो, कधी स्वेटरवाला, कधी चादरी विकणारा. घेण्यासारखे काही असो वा नसो, आता मी दार उघडतो आणि नाव विचारतो. चहा ठेवतो. फिटणारे कर्ज नाही हे माहीत आहे. पण संजयसिंह आणि नितीन यांची आठवण त्या बंद दारापेक्षा या उघड्या दारात जास्त शोभते, असे मला मनापासून वाटते.